रस्त्यावरचा मोफत लोकसंगीत-जॅझ महोत्सव: जागा, आवाज आणि वेळापत्रक कसं बसवावं

उन्हाळ्याच्या संध्याकाळी एक रस्ता वाहनांना बंद करायचा, टोकाला मंच टाकायचा आणि येईल त्याला लोकसंगीत नि जॅझ ऐकू द्यायचं. तिकीट नाही, फाटक नाही. असा महोत्सव बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: हळुवार संगीतासाठी दणदणाटाची व्यवस्था भाड्याने आणली जाते. ड्रमवर फिरणारे ब्रश, व्हायोलिनवरचा अलगद गज, डबल बासचा रेंगाळणारा खर्ज या गोष्टी आवाज चढवला की जास्त ऐकू येतात असं नाही. रस्त्यावर तर त्या भिंतींवरून परतणाऱ्या आवाजात बुडून जातात. म्हणून इथून पुढचं सगळं एका धोरणावर बेतलं आहे: स्पीकर लहान, श्रोत्यांच्या जवळ, आणि मंचावर यंत्रं शक्य तितकी कमी.

टाळी वाजवून रस्ता निवडा

जिथे मंच येणार तिथे शांत वेळी उभं राहा आणि एकच कोरडी टाळी वाजवा. टाळीमागून धातूवर ओरखडा काढल्यासारखं ‘टर्रर्र’ ऐकू आलं तर आवाज समोरासमोरच्या दोन भिंतींत ये-जा करतो आहे. सहा-आठ मीटर रुंदीच्या गल्लीत हे हमखास होतं. तिथे स्पीकर भिंतींकडे न रोखता रस्त्याच्या लांबीच्या दिशेने ठेवायचे आणि मंचाजवळच्या एका भिंतीवर जाड कापड सैल, चुण्या पाडून सोडायचं. ताणून बसवलेलं पातळ कापड काही कामाचं नाही.

टाळीनंतर थोड्या वेळाने सुटी, स्पष्ट दुसरी टाळी ऐकू आली तर समोर लांबवर मोठी सपाट भिंत आहे. खरा धोका हा. समजा ती भिंत ४० मीटरवर आहे. जाऊन-येऊन ८० मीटर होतात आणि उन्हाळ्याच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे परतायला ०.२३ सेकंद लागले. मिनिटाला १३० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.४६ सेकंदांची असते. ड्रमरने मारलेला स्नेअर (खाली तारा लावलेला छोटा ड्रम) त्याला बरोबर दोन मात्रांच्या मध्यावर परत ऐकू येतो. तो स्वतःच्याच प्रतिध्वनीला धरून वाजवायला लागतो आणि स्विंगची, म्हणजे जॅझमधली झुलती, लय सरळ, खडखडीत होऊन जाते. मिक्सरवरची (सगळ्या माइकांचे आवाज जुळवणाऱ्या यंत्रावरची) कोणतीही खुंटी फिरवून हे जात नाही. मंचाची जागा बदला, किंवा तोंड फिरवा.

टाळी नुसती विरून गेली तर रस्ता चांगला आहे.

मंच रस्त्याच्या बंद टोकाला, तोंड उघड्या टोकाकडे, ही मांडणी सर्वांत भरवशाची. आवाज उघड्या टोकातून निघून जातो, परतत नाही. रस्त्याच्या कडेला, लांबीला समांतर मंच टाकण्याचा मोह होतो, कारण तो सगळ्यांना दिसेल असं वाटतं. पण मग समोरची भिंत दहा-बारा मीटरवर येते आणि गर्दी नेमकी रस्त्याच्या रुंदीत साचून वाट अडवते.

उन्हाचा अंदाज नकाशावरून बांधू नका. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, त्याच वेळेला जागेवर जाऊन सावली कुठे पडते ते जमिनीवर खडूने आखा. निवड करायचीच झाली तर दुपारी मंच सावलीत हवा, श्रोते थोडे उन्हात चालतील. श्रोता हलू शकतो, डबल बास हलू शकत नाही.

माणसं किती मावतात

फाटक नसल्याने तिकिटांवरून मोजदाद होत नाही, म्हणून हिशेब आधीच करून ठेवायचा. उदाहरणार्थ, १२ मीटर रुंद आणि ६० मीटर लांब रस्ता म्हणजे ७२० चौरस मीटर. त्यातून रुग्णवाहिका नि अग्निशामक गाडीसाठी पूर्ण लांबीभर ४ मीटरची पट्टी सोडली की २४० गेले. मंचाचे ३०, मिक्सर, टेबलं, पाण्याची जागा यांचे ५०. उरले ४००. दर चौरस मीटरला २ माणसं आरामात उभी राहतात, म्हणजे ८०० माणसं. चौरस मीटरला ४ झाली की माणसाला हवं तिकडे वळता येत नाही, ५ च्या पुढे गर्दी एकमेकांना ढकलू लागते आणि जिवावरचा प्रसंग येऊ शकतो.

प्रत्यक्ष मोजायला सोपा उपाय म्हणजे मंचासमोर, थोडं मागे, ५ बाय ५ मीटरचा चौकोन डांबरावर चार रंगीत ठिपक्यांनी आखणं. दर अर्ध्या तासाने वरच्या खिडकीतून किंवा शिडीवरून फोटो काढून त्यातली डोकी मोजायची. ७५ झाली म्हणजे चौरस मीटरला ३. तेव्हा आत येणारं टोक थांबवायचं, बाहेर जाणारं उघडं ठेवायचं. सपाट वाटेच्या एका मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसं बाहेर पडतात. त्यावरून दोन्ही बाजूंच्या वाटा मिळून किती वेळात रस्ता रिकामा होईल ते काढा. पाच मिनिटांपेक्षा जास्त येत असेल तर वाट वाढवा.

ती ४ मीटरची पट्टी दुपारी चारला सगळ्यांना लक्षात असते, सातला तिथे खुर्च्या आलेल्या असतात. तिच्यावर एक स्वयंसेवक फक्त तेवढ्याच कामाला ठेवा.

नाचणाऱ्यांची जागा मंचासमोर ठेवू नका. लोकसंगीत सुरू झालं की माणसं नाचणारच, आणि नाचावीत. पण अगदी समोर नाच सुरू झाला की बसून ऐकणारे उठतात, मागचे पुढे सरकतात आणि हळू गाणं कुणालाच ऐकू येत नाही. मंचाच्या एका बाजूला ६ बाय ८ मीटर मोकळी जागा, जमल्यास १८ मिलिमीटरचं प्लायवुड टाकून, आणि तिच्यासाठी वेगळा लहान स्पीकर द्या. डांबरावर पाय घसरत नाही, अडकतो, आणि गिरकी घेताना गुडघा दुखावतो. प्लायवुडचे सांधे टेपने बंद करायला विसरू नका.

वीज

आधी बेरीज करा. मध्यम मंचाला ध्वनिव्यवस्था अडीच किलोवॅट, एलईडी दिवे दोन, वाद्यांचे अँप आणि डिजिटल पियानो मिळून एक, असे साडेपाच किलोवॅट पुरतात. जनरेटर क्षमतेच्या ७० टक्क्यांवर चालवायचा असतो, म्हणून १० केव्हीएचा घ्यावा. तो साधारण ८ किलोवॅट देतो. त्याची घरघर हळू गाण्याच्या आड येते, तेव्हा मंचापासून निदान ३० मीटरवर, कोपऱ्याआड ठेवा. धूर मंचाकडे किंवा कुणाच्या खिडकीत जाणार नाही हेही बघा.

लांब केबलमध्ये व्होल्टेज गळतं. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या ५० मीटर केबलमधून १० अँपिअर गेले तर जाता-येता मिळून सुमारे ७ व्होल्ट कमी होतात. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात हे ३ टक्के, चालून जातं. १२० व्होल्टच्या पुरवठ्यात तेवढ्याच कामाला दुप्पट प्रवाह लागतो आणि गळती सोसवत नाही. तिथे, किंवा अंतर जास्त असेल तिथे, ६ चौरस मिलिमीटरची केबल वापरा. रिळावर गुंडाळलेली केबल पूर्ण उलगडूनच जोडायची. गुंडाळी तशीच ठेवली तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचं आवरण वितळतं.

मंचाच्या प्रत्येक लाइनला ३० मिलिअँपिअरचं गळतीरोधक स्विच हवंच. दिवे आणि आवाज यांच्या लाइन वेगळ्या ठेवा, नाहीतर दिवे मंद करताना स्पीकरमध्ये गुणगुण येते. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढणारे अजूनही भेटतात. हे कधीही करू द्यायचं नाही. गायकाच्या ओठांना माइक लागलेला असतो आणि हातात तारांचं वाद्य असतं. गुणगुणीसाठी डीआय बॉक्सवर (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीवर) ग्राउंड-लिफ्टचं बटण आहे, ते फक्त आवाजाच्या तारेतली जमिनीची जोडणी तोडतं. ते दाबा.

स्पीकर कुठे, किती

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून २ मीटरवर ९८ डेसिबल असेल तर ४ मीटरवर ९२, ८ वर ८६, १६ वर ८०, ३२ वर ७४. भिंतींमुळे रस्त्यावर उतार थोडा कमी असतो, पण तत्त्व तेच. मागच्यांना ऐकू यावं म्हणून पुढच्या जोडीचा आवाज चढवला की पहिल्या रांगेतली मुलं कान झाकतात. त्यापेक्षा मंचाजवळ एक जोडी आणि ३० मीटरवर दुसरी, लहान जोडी लावा.

दुसऱ्या जोडीला विलंब द्यावा लागतो, नाहीतर मागच्याला जवळचा स्पीकर आधी आणि मंचावरचा नंतर ऐकू येऊन शब्द दुणावतात. हिशेब सोपा: दर मीटरला २.९ मिलिसेकंद. ३० मीटरला ८७. त्यावर आणखी १० मिलिसेकंद टाकून ९७ ठेवा. या वरच्या दहांमुळे कानाला आवाज मंचाकडूनच येतो असं वाटतं आणि जवळचा स्पीकर आहे हे लक्षातही येत नाही. तापमानाने फरक पडतो पण किरकोळ. २० अंशांवरून ३५ अंशांवर गेल्यास ३० मीटरमागे सुमारे २ मिलिसेकंद.

स्पीकरचं तोंड डोक्यांच्या वर, सव्वादोन ते अडीच मीटरवर, किंचित खाली झुकलेलं असावं. सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) एकच, मध्यभागी. दोन बाजूंना दोन ठेवले तर मधल्या पट्ट्यात खर्ज दुप्पट होतो आणि कडेला नाहीसा होतो. शिवाय शेजारपाजारच्या घरांत भिंती ओलांडून जातो तो खर्जच. तक्रार येते तीही त्याचीच. फक्त लोकसंगीताचा मंच असेल तर सबवूफर नसला तरी चालतो.

मिक्सर मंचापासून १२ ते १५ मीटरवर, श्रोत्यांमध्ये, जमिनीवरच. मंचाच्या बाजूला कोपऱ्यात बसून कुणालाही चांगलं मिक्स करता येत नाही. मिक्सरजवळ पंधरा मिनिटांची सरासरी ९० डेसिबलच्या आसपास राहिली तर या संगीताला भरपूर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सांगितलेली कमाल मर्यादा १०० डेसिबल आहे. लोकसंगीत नि जॅझ तिच्या जवळ पोचत असेल तर मंचावर काहीतरी चुकलं आहे.

एकेका वाद्याचा माइक

डबल बास उघड्यावर सगळ्यांत जास्त छळतो. घोडीतल्या पिकअपला (तारांची कंपनं टिपणाऱ्या चकतीला) पुढच्या यंत्राचा खूप जास्त इनपुट इम्पीडन्स, म्हणजे विद्युत अडथळा, लागतो, किमान १ मेगाओहम, ५ ते १० असेल तर उत्तम. साध्या डीआय बॉक्समध्ये थेट जोडला की आवाज पातळ, रबर ताणल्यासारखा येतो, आणि बासवादकाला उगाच दोष दिला जातो. मध्ये प्रीअँप (क्षीण सिग्नल सांभाळून वाढवणारी छोटी पेटी) टाका. खालची तार ४१ हर्ट्झची, तेव्हा ४० च्या खालचं सगळं कापा. ८० ते १२० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी वाद्याचं पोट स्पीकरबरोबर घुमू लागतं. ती जागा शोधून तेवढाच अरुंद पट्टा ४ ते ६ डेसिबल खाली घ्या. तरीही घुमत असेल तर बास स्पीकरच्या रेषेतून अर्धा मीटर सरकवा. बटणांपेक्षा हे जास्त लागू पडतं.

सॅक्सोफोनच्या तोंडात माइक खुपसण्याची सवय सोडावी. या वाद्याचा आवाज उघड्या छिद्रांतून येतो, फक्त अगदी खालचे सूर घंटेतून, म्हणजे टोकाच्या पसरट तोंडातून. माइक ३० ते ४० सेंटीमीटरवर, घंटेचा काठ आणि डाव्या हाताच्या चाव्या यांच्या मधोमध रोखा. क्लॅरिनेटलाही हेच. ट्रम्पेटचा आवाज मात्र सगळा घंटेतूनच येतो आणि पहिल्या दहा मीटरना त्याला माइकची गरजच नसते.

व्हायोलिनला क्लिपचा कंडेन्सर माइक, तारांपासून ८-१० सेंटीमीटरवर, घोडी आणि तिच्या शेजारचं छिद्र यांच्या मध्ये. त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. सर्वांत खालची तार १९६ हर्ट्झची असल्याने १५० च्या खालचं बेधडक कापा. वारा, पावलांचा धप्प आवाज सगळं त्याबरोबर जातं. अकॉर्डियनला दोन माइक लागतात. उजव्या बाजूला स्टँडवरचा, २० ते ३० सेंटीमीटरवर. डावी बाजू भात्याबरोबर सतत हलते, म्हणून तिथे वाद्यालाच चिकटवलेला. उजवा फार जवळ आणला तर चाव्यांची टकटक गाण्यापेक्षा मोठी येते. बासरीला माइक फुंकरीच्या वरच्या बाजूने, फुंकरीच्या वाटेत नको.

ड्रमला वरचे दोन आणि बास ड्रमला एक, एवढे तीन पुरे. छत नसल्याने बास ड्रमचा आवाज उडून जातो, म्हणून त्याला माइक लागतोच. ब्रशसाठी स्नेअरला चौथा लावा, पण तो बंद ठेवा. ड्रमरने ब्रश उचलले की चालू, काठ्या घेतल्या की बंद. ही खूण साउंडचेकच्या (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीच्या) वेळी ड्रमरने आणि मिक्सरवरच्या माणसाने एकमेकांशी ठरवून घ्यायची. एवढ्या एका गोष्टीने बॅलडच्या, म्हणजे संथ गाण्याच्या, वेळी मागच्या रांगेपर्यंत तो सळसळ आवाज पोचतो.

उघड्यावर प्रत्येक कंडेन्सरवर केसाळ वाराकवच हवं. नुसता फोम मंद झुळकीपुरता चालतो. आणि मंचावर माणसं जवळ जवळ बसवा. पाच जणांचा जॅझ गट दीड-दोन मीटरच्या अंतरात असेल तर त्यांना एकमेकांचं थेट ऐकू येतं, मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) दोनच लागतात, आणि माइक शिट्टी मारायचं जवळपास थांबतं. ६ बाय ४ मीटरचा मंच पूर्ण वापरलाच पाहिजे असं नाही.

ऊन आणि सूर

उन्हात धातूच्या तारा प्रसरतात, सैल पडतात आणि सूर उतरतो. फुंकेच्या वाद्यांत आतली हवा तापते, आवाजाचा वेग वाढतो आणि सूर चढतो. म्हणजे व्हायोलिन खाली, क्लॅरिनेट वर, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर लावून आलेले. मंचामागे सावलीत, मंचाइतक्याच हवेत वाद्यं अर्धा तास उघडी ठेवून मग लावायची. अकॉर्डियन किंवा व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) असेल तर त्यांचा सूर बदलत नाही, सगळ्यांनी त्यांना धरून लावायचं. कितीदा तरी त्यांचा ‘ए’ सूर ४४० ऐवजी ४४२ हर्ट्झला असतो, तेव्हा ट्यूनरवरचा आकडा आधी बघा.

बंद गाडीत उन्हात वाद्य ठेवू देऊ नका. व्हायोलिन कुळातल्या वाद्यांचे सांधे ज्या जनावरी सरसाने जोडतात तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि गाडीत तेवढं तापमान सहज होतं. कलाकारांसाठी सावलीची, कुलूप लागणारी खोली ही त्यांच्या मानधनाइतकीच आवश्यक गोष्ट आहे.

वेळापत्रक: दोन मंच, एका वेळी एकच चालू

दोन मंच एकाच वेळी वाजवले की लोकगीताच्या मधल्या शांततेत पलीकडचा ट्रम्पेट घुसतो. त्यावर उपाय म्हणजे आलटून-पालटून वाजवणं. एका कोपऱ्यावर ‘अ’, वळणापलीकडे ‘ब’, आणि क्रम असा:

अ ५.०० ते ५.४०
ब ५.४५ ते ६.२५
अ ६.३० ते ७.१०
ब ७.१५ ते ७.५५
अ ८.०० ते ८.४०
ब ८.४५ ते ९.२५

प्रत्येक मंचाला मांडणी बदलायला ५० मिनिटं मिळतात. एक उणीव मान्य करायला हवी: तेवढ्याच वेळात निम्मेच गट बसतात. तरी सहा गट नीट ऐकलेले बारा गट अर्धे ऐकण्यापेक्षा चांगले, असं आमचं ठाम मत आहे. गर्दी दर पाऊण तासाला चालती होते, त्यामुळे एका जागी साचतही नाही.

साउंडचेक उलट्या क्रमाने करा: त्या मंचावर शेवटी येणाऱ्यांचा आधी, पहिल्यांचा सर्वांत शेवटी. म्हणजे पहिल्या गटाची मांडणी तशीच उभी राहते. प्रत्येक गटाकडून दोन आठवडे आधी मंचाचा आराखडा मागवा: कोण कुठे, किती माइक, किती प्लग. ‘आम्ही चौघं आहोत, सगळं साधंच आहे’ असं उत्तर आलं तर फोन करून एकेक वाद्य लिहून घ्या.

मधल्या पाच मिनिटांसाठी विनामाइक कोपरे ठेवता येतात. फ्रान्समध्ये २१ जून १९८२ रोजी सुरू झालेल्या ‘फेत द ला म्युझिक’ या संगीत-उत्सवाने हौशी-व्यावसायिक सगळ्यांना रस्त्यावर वाजवायला बाहेर काढलं, आणि ती कल्पना अशा छोट्या कोपऱ्यांत अजून चांगली चालते. भिंतीला पाठ टेकवून, कमानीखाली उभा राहिलेला व्हायोलिनवादक सहा-सात मीटरच्या अर्धवर्तुळात चाळीस-पन्नास माणसांना सहज पुरतो. हायलँड बॅगपाइप (पिशवीचं स्कॉटिश फुंकवाद्य) असेल तर त्याला माइक नको आणि शेजारही नको. त्याचा ‘ए’ ४७० ते ४८० हर्ट्झला असतो, बाकी कुणाशी जुळत नाही. त्याने मिरवणुकीच्या पुढे चालावं.

शेवटी एकत्र वाजवायचं असेल तर

लोकसंगीताचे आणि जॅझचे वादक एकत्र आले की दोन ठिकाणी अडखळतात. पहिलं स्केल. व्हायोलिनवाल्यांना उघड्या तारांमुळे डी, जी, ए सोपे. सॅक्सोफोनवाल्यांना बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ. सॅक्सोफोनचा लिहिलेला सूर आणि निघणारा सूर वेगळे असतात, म्हणून मूळ डी मेजर टेनर सॅक्सोफोनला ई मेजर होतो आणि ऑल्टो सॅक्सोफोनला थेट बी मेजर, म्हणजे पाच शार्प. मधला मार्ग म्हणजे जी मेजर, एफ मेजर किंवा डी मायनर. डी मायनर टेनरला ई मायनर आणि ऑल्टोला बी मायनर पडतो, दोन्ही बोटाखालचे.

दुसरं अडखळणं जास्त फसवं आहे. आयरिश किंवा स्कॉटिश नाचाच्या चाली बहुधा ३२ मापांच्या (मात्रांच्या ठरावीक गटांच्या) असतात आणि जॅझमधली पुष्कळ जुनी गाणीही ३२ च मापांची. आकडा सारखा, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण नाचाची चाल आठ-आठ मापांच्या तुकड्यांत ‘अ अ ब ब’ अशी फिरते आणि जॅझचं गाणं ‘अ अ ब अ’ असं. शेवटच्या आठ मापांत जॅझवाले घरी, म्हणजे ‘अ’ वर, परततात, लोकसंगीतवाले अजून ‘ब’ मध्येच असतात, आणि नेमका तिथे सगळा डोलारा कोसळतो. मोठ्या अक्षरांत ‘अ अ ब ब’ लिहिलेला पुठ्ठा बासवादकासमोर ठेवा आणि एकाच माणसाला हात वर करून वळण दाखवायचं काम द्या. सहा मात्रांची जिग निवडली असेल तर ड्रमरला ती एकदा तोंडाने म्हणून दाखवा. लिहिलेल्या कागदावरून तिचा झोका कळत नाही.

वारा, पाऊस, वीज

३ बाय ३ मीटरच्या तंबूच्या प्रत्येक पायाला किमान २५ ते ३० किलो वजन बांधा, बाजूचे पडदे लावले तर आणखी. डांबरात खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून वाळूच्या पिशव्या किंवा पाण्याची पिंपं. वजन पायाशी नुसतं टेकवून ठेवू नका, वरच्या सांध्यापर्यंत पट्ट्याने ओढून घ्या. मंचाच्या छताला किती वारा सोसतो ते बनवणाऱ्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, तो आकडा मिक्सरजवळ चिकटवा. हातात धरायचं वारामापक घेऊन एक जण नेमा. तंबू आणि बॅनरसाठी सेकंदाला ८ मीटरला सावध, १० मीटरला बॅनर खाली आणि तंबू रिकामे, असा नियम पाळा.

आकाशात वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. कार्यक्रम थांबवा, माणसांना इमारतींत पाठवा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं गेल्याशिवाय सुरू करू नका. हे जाहीर करायची चार वाक्यं आधीच कागदावर लिहून ठेवा. त्या क्षणी सुचतं ते गोंधळ वाढवणारं असतं.

उन्हाचा त्रास वाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त जणांना होतो. पिण्याचं पाणी फुकट आणि दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक मंचापासून दूर, म्हणजे बेचैन झालेल्या माणसाला गर्दीत शिरावं लागणार नाही. दर शंभर माणसांमागे एक शौचालय धरून चाला.

मोफत असलं तरी

श्रोत्यांना मोफत म्हणजे कलाकारांना मोफत नव्हे. मानधन लेखी ठरवा आणि त्याच संध्याकाळी द्या. पैसे कमी पडणार असं दिसलं तर आधी एक मंच, मग दिवे, मग बॅनर कमी करा. मानधन शेवटी.

बहुतेक देशांत जाहीर वादनाचा परवाना मोफत कार्यक्रमालाही लागतो. परंपरेने आलेल्या चाली कुणाच्या मालकीच्या नसतात, पण त्यांची नवी मांडणी असू शकते, आणि जॅझची पुष्कळ गाणी अजून हक्कांखाली आहेत. गटांकडून वाजवलेल्या गाण्यांची यादी त्याच रात्री लिहून घ्या, आठवड्याने कुणाला आठवत नाही.

देणगीचा डबा फिरवायचा तो शेवटच्या गाण्याआधी. नंतर फिरवला तर माणसं निघालेली असतात. दोन-दोन स्वयंसेवक एकत्र, पुढून मागे, आणि मंचावरून एकच वाक्य: पैसे कशासाठी जाणार.

रहिवाशांना तीन आठवडे आधी पत्र द्या. साउंडचेक किती वाजता, शेवटचा सूर किती वाजता, गाडी कधी काढता येणार नाही आणि त्या दिवशी उचलला जाणारा फोन नंबर. शेवटची वेळ ९.२५ लिहिली असेल तर ९.२५ लाच थांबा. पुढच्या वर्षीची परवानगी त्या पाच मिनिटांवर ठरते.

आवरताना आधी आपत्कालीन पट्टीवरून जाणाऱ्या केबल, मग मिक्सर, मग मंच. केबल कोपरावर गुंडाळू नका. एक वळसा सरळ आणि एक उलटा असा गुंडाळला तर आतल्या तारा पिळत नाहीत. डांबरावरची टेप गरम असतानाच निघते, सकाळपर्यंत ठेवली तर गोंद तिथेच राहतो. टाळीला काय उत्तर आलं, विलंब किती ठेवला, बास कोणत्या हर्ट्झला घुमला, चौकोनात सर्वांत जास्त किती डोकी मोजली, हे सगळं मंचाच्या आराखड्यावरच त्या रात्री लिहा आणि तो कागद केबलच्या पेटीत टाका.